पहिली कोरडी जमीन

बागबाजारात दगड नाही. घाटाला पायऱ्या आहेत, सर्क्युलर रेल्वेच्या रुळांखाली खडी आहे, जुन्या घरांच्या दारांना दगडी उंबरे आहेत. पण त्यातला एकही दगड इथल्या जमिनीतून निघालेला नाही. सगळा बाहेरून आणलेला. कोलकात्यात बांधकामावर जी काळी खडी जिकडेतिकडे दिसते ती बरीचशी पाकूरची, राजमहाल टेकड्यांमधली. उत्तर कोलकात्याच्या या कोपऱ्याचं स्वतःचं म्हणावं असं जमिनीत काही असेल तर तो गाळ. हुगळीच्या भरतीबरोबर घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर रोज नवा थर चढतो, आणि उन्हात त्यातलं अभ्रक लखलखतं.

माझं माहेर नागपूरचं. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती काळ्या बेसाल्टची आहे. पायाखाली खडक असतो हे धरूनच मी वाढले. लग्न होऊन इथं आले, आणि भूशास्त्राची पदवी पाठीशी असल्यामुळे उत्तर कोलकात्यातल्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी मिळाली. निवृत्तीपर्यंत तिथेच होते. घरापासून थोड्या अंतरावर एका गल्लीच्या पाटीवर ‘मराठा डिच लेन’ असं लिहिलेलं आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा घाबरलेल्या कोलकातावासीयांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याची सुरुवात बागबाजारकडून झाली. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मराठे काही शहरापर्यंत आले नाहीत आणि काम तिथेच थांबलं. तीन मैल इतक्या लवकर खणता आले ते खाली निव्वळ मऊ माती होती म्हणून. आमच्या नागपुरात सुरुंग लावावा लागला असता.

हा गाळ किती खोल आहे, याचा पहिला गंभीर शोध बागबाजारपासून पाच-सहा किलोमीटरवर, फोर्ट विल्यममध्ये लागला. किल्ल्याला पिण्याचं पाणी हवं होतं म्हणून १८३५ ते १८४० या काळात तिथं एक भोक पाडलं गेलं. ते ४८१ फुटांवर थांबलं. वरती निळसर चिकणमाती, तिच्याखाली काळं कुजकट वनस्पतिद्रव्य, त्यात सुंदरी वृक्षाची लालसर लाकडं. म्हणजे आज सुंदरबनात दिसतं तसं खारं जंगल एके काळी इथं होतं. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तळाशी मिळालेलं. चारशे फुटांखाली वाळूत मिसळलेले गोटे निघाले: गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रक, स्लेट, चुनखडक. हे काही दलदलीत तयार होणारे दगड नाहीत. कुठल्या तरी जुन्या, कठीण, उंच जमिनीची झीज होऊन ते वाहत आले होते. चार्ल्स लायेलसारख्या त्या काळच्या मोठ्या भूशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात या भोकाची दखल घेतली.

अशी जुनी, कठीण जमीन कोलकात्याच्या पश्चिमेला आहे. हावड्याहून पहाटे बारबिलची जनशताब्दी धरली की खडगपूरनंतर माती लाल व्हायला लागते, घाटशिलापासून डोंगर दिसतात, आणि टाटानगर, चाईबासा, नोआमुंडी करत दुपारपर्यंत आपण जगातल्या सर्वांत जुन्या भूखंडांपैकी एकावर उतरतो. झारखंडचा सिंहभूम आणि ओडिशाचे केंदुझर-मयूरभंज हे जिल्हे मिळून हा भाग होतो. भूशास्त्रात त्याला सिंहभूम क्रेटॉन म्हणतात. क्रेटॉन म्हणजे खंडाचा तो गाभा, जो अब्जावधी वर्षांत फारसा मोडला-वाकला नाही. जगात असे गाभे मोजकेच आहेत. दक्षिण आफ्रिकेत कापवाल, पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा, आणि आपल्याकडे सिंहभूम, बस्तर, धारवाड वगैरे.

विद्यार्थ्यांच्या सहलींबरोबर मी त्या भागात अनेक वर्षं जात राहिले. तिथल्या दगडांकडून मी जे शिकले ते एका वाक्यात सांगायचं तर असं: पृथ्वीवर कोरडी जमीन आपोआप आलेली नाही, आधी समुद्र होता, तळाशी लाव्हा होता, आणि त्या लाव्हाच्या पोटातून कोट्यवधी वर्षांच्या वितळण्यातून हलका खडक तयार झाल्यावरच काहीतरी पाण्याबाहेर आलं. याचा पुरावा ज्वालामुखीचे दगड अर्धा देतात आणि गाळाचे दगड अर्धा. एकाची साक्ष सोडून दुसऱ्याची घेतली तर निकाल चुकतो.

ज्वालामुखीचा पुरावा पाहायचा तर नोमिराला जावं. केंदुझर जिल्ह्यातलं हे छोटं ठिकाण. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने, म्हणजे सगळे ज्याला जीएसआय म्हणतात त्या कार्यालयाने, इथल्या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. नाव ऐकून लोक काहीतरी भव्य अपेक्षित धरून येतात. समोर असतो एक हिरवट-काळा उघडा खडक. पण जरा वाकून पाहिलं की त्यात आकार दिसायला लागतात. एकावर एक रचलेले लंबगोल गोळे, प्रत्येकाची वरची बाजू फुगीर, आणि खालची बाजू खालच्या दोन गोळ्यांच्या फटीत निमुळती होत शिरलेली. प्रत्येक गोळ्याची कड आतल्या भागापेक्षा बारीक कणांची, गडद. याला पिलो लाव्हा म्हणतात. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की त्याची बाहेरची साल क्षणात गोठते. आतला रस अजून तप्त असतो, तो साल फोडून पुढे ढकलला जातो, तो गोळाही गोठतो, त्याच्या पुढे आणखी एक. आजही प्रशांत महासागराच्या तळावर नेमकं हेच घडतं, आणि पाणबुड्यांतून त्याचं चित्रीकरण झालेलं आहे. हवेत वाहिलेल्या लाव्हाला असे गोळे येत नाहीत. आपल्या सह्याद्रीतले थर पाहा, सपाट चादरी एकावर एक. म्हणून नोमिराच्या खडकाकडे बोट दाखवून मी मुलांना ठामपणे सांगत असे: इथं समुद्र होता.

किती जुना? हा लाव्हा ज्या खडकसमूहात मोडतो त्याला लोहखनिज समूह म्हणतात. त्याचे तीन पट्टे आहेत: पश्चिमेला नोआमुंडी-जामदा-कोइरा, पूर्वेला गोरुमहिसाणी-बादामपहाड आणि दक्षिणेला टोमका-दैतारी. दैतारीच्या पट्ट्यातल्या डेसाइट नावाच्या लाव्हाचं वय २००८ मध्ये प्रसिद्ध झालं: ३५०.७ कोटी वर्षं, आणि त्यात इकडेतिकडे होण्याची शक्यता फक्त वीस-पंचवीस लाख वर्षांची. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी. म्हणजे पृथ्वी आपल्या आजच्या वयाच्या चौथ्या हिश्श्याहून लहान असताना हा लाव्हा बाहेर पडला. तिन्ही पट्टे एकाच काळाचे आहेत का, यावर मात्र भूशास्त्रज्ञांचं एकमत नाही. आमच्या स्टाफरूममध्येही यावर कडाक्याची भांडणं व्हायची, आणि मला ती ऐकायला आवडायची.

या वयांचा हिशेब कसा लागतो, ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझं आयुष्य त्याच कामाच्या आसपास गेलं.

आमच्या लॅबमध्ये खडकाचे पातळ काप, ज्यांना सगळे सेक्शन म्हणतात, ते करणारे एक दादा होते. ते बोलत कमी. करवतीने दगडाची चकती कापायची, पात्याच्या कडेला हिऱ्याची पूड असते आणि त्यावर पाण्याची धार चालू ठेवावी लागते. मग काचेच्या जाड पाटीवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन चकतीची एक बाजू घासायची. आधी भरड पूड, मग बारीक, मग आणखी बारीक. गुळगुळीत झालेली बाजू कॅनडा बाल्समने काचपट्टीवर चिकटवायची. बाल्सम तापताना लॅबभर राळेचा वास सुटायचा. तो कमी तापला तर दगड सुटून येतो, जास्त तापला तर ठिसूळ होऊन तडकतो. मग दुसरी बाजू घासायला घ्यायची, आणि थांबायचं केव्हा ते डोळ्याने ठरवायचं. काप ०.०३ मिलिमीटर जाडीचा हवा. सूक्ष्मदर्शकात प्रकाशाचे दोन पडदे आडवे-उभे लावले की त्या जाडीची गारगोटी राखाडी-पांढरी दिसते. पिवळी दिसली तर काप अजून जाड आहे. मी उत्साहाने ‘झालं’ म्हणायची, ते भिंगातून पाहायचे आणि म्हणायचे, “आर एकटू, दीदी.” आणखी थोडं.

केंदुझर जिल्ह्यात बैतरणी नदीकाठी चंपुआ नावाचं गाव आहे. तिथला राखी, पट्ट्यापट्ट्यांचा खडक टोनालाइट नाइस म्हणून ओळखला जातो. त्याच्या कापात मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. गारगोटीचे राखाडी तुकडे, फेल्डस्पारवर बारीक समांतर रेघा, आणि मध्ये मध्ये तपकिरी अभ्रकाच्या पापुद्र्यांचे पुंजके. एका अभ्रकात टाचणीच्या टोकाहून कितीतरी लहान, रंगहीन, चकचकीत कण अडकलेला होता. त्याच्याभोवती अभ्रक काळवंडलेलं होतं. नेमकं वर्तुळ, कडा धूसर. तो कण झिरकॉनचा. झिरकॉनमध्ये थोडं युरेनियम असतं. त्यातून सतत सुटणाऱ्या किरणांनी भोवतालच्या अभ्रकाची जडणघडण बिघडते आणि ते काळं पडतं. काळाची खूण इतक्या उघडपणे डोळ्यांना दिसते हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे प्रत्येक तुकडीला तो काप दाखवल्याशिवाय मी वर्ष संपू दिलं नाही.

युरेनियमचं रूपांतर शेवटी शिशात होतं. झिरकॉन जन्मताना युरेनियमला आपल्या स्फटिकात जागा देतो, शिशाला जवळजवळ देत नाही. म्हणून आज त्यात जे शिसं सापडतं ते नंतर तयार झालेलं, असं धरता येतं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे पृथ्वी जन्मली तेव्हाचं जवळपास निम्मं आजही शिल्लक आहे. युरेनियम-२३५ निम्मं व्हायला सुमारे ७० कोटी. त्यातलं आता शंभरात एखादा भाग उरलेलं आहे. दोन्हींतून तयार होणारं शिसं वेगवेगळ्या वजनाचं. एकाच कणात अशी दोन स्वतंत्र घड्याळं असतात. दोन्हींनी सारखंच वय सांगितलं तर विश्वास ठेवायचा; नाही सांगितलं तर मध्ये कधीतरी शिसं निसटलं असं समजायचं. झिरकॉन वितळत नाही म्हणण्याइतका चिवट असतो, झिजत नाही म्हणण्याइतका कठीण. खडक फुटून वाळू होते, वाळू नदीतून जाते, पुन्हा खडक होते, आणि झिरकॉन आपलं वय घेऊन तसाच राहतो.

तो वेगळा काढायचा तर खडक दळावा लागतो. चाळायचा, पाण्यात थाळीवर हलवून हलके कण घालवायचे, लोहचुंबकाने लोहाचे कण उचलायचे, उरलेलं ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवात सोडायचं. गारगोटी तरंगते, झिरकॉन तळाला बसतो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक कण उचलायचा. पाच-दहा किलो दगडातून चिमूटभर मिळतो.

चंपुआच्या अशाच कणांनी २०१८ मध्ये जगाचं लक्ष वेधलं. त्रिस्रोता चौधुरी, रजत मजुमदार आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात लिहिलं की टोनालाइटमध्ये त्या खडकाहूनही फार जुने झिरकॉन सापडले, वय ४२४ आणि ४०३ कोटी वर्षं. खडक त्यामानाने तरुण, पण वर येताना त्याच्या रसाने आधीच्या कुठल्या तरी कवचाचे कण उचलून आणले होते. ते कवच आज कुठेही उघडं नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन याहून जुने आहेत, पण ते गाळाच्या खडकात सापडतात, म्हणजे वाहून आलेले. चंपुआचे कण अग्निज खडकातच बसलेले आहेत, आणि म्हणून मला ते अधिक बोलके वाटतात.

आता मधली कडी. काळ्या लाव्हापासून राखी टोनालाइट कसा होतो? प्रावरण वितळलं की बेसाल्ट मिळतो; तो जड असतो, लोह-मॅग्नेशियमने भरलेला. समुद्रतळावर तो पाणी शोषतो, त्याच्या खनिजांत पाणी बांधलं जातं. असा ओला बेसाल्ट वरच्या थरांच्या ओझ्याने खोल गेला, तापला, की सगळा वितळत नाही. त्याचा जो भाग आधी वितळतो तो सिलिका आणि सोडियमने श्रीमंत असतो आणि हलका असतो. तो वर चढतो आणि गोठतो. हाच टोनालाइट. पाणी नसतं तर हे इतक्या सहज घडलं नसतं. शुक्रावर लाव्हाची मैदानं भरपूर आहेत; आपल्यासारखी ग्रॅनाइटची खंडं पृथ्वीवरच एवढी विस्तारली. पुढे टोनालाइटही खोलवर पुन्हा वितळतो आणि पोटॅशियम जास्त असलेला ग्रॅनाइट होतो. सिंहभूममध्ये ग्रॅनाइटच्या अशा लाटांमागून लाटा आलेल्या आहेत, एकाच जागी, कोट्यवधी वर्षं. प्रत्येक लाटेने कवच जाड केलं.

आणि कवच जाड झालं की ते वर उचललं जातं. बागबाजारहून नदीकाठाने थोडं खाली गेलं की नीमतल्याच्या लाकडाच्या वखारी लागतात. तिथला जाड ओंडका आणि बारीक फळी पाण्यात सोडा. लाकूड एकच, पण ओंडक्याचा भाग पाण्यावर जास्त दिसतो, कारण त्याचा पाण्याखालचा भागही जास्त आहे. खंडांचं हेच आहे. खाली प्रावरणाची घनता सुमारे ३.३, वर ग्रॅनाइटची २.७च्या आसपास. जाडी वाढली की डोकं वर येतं.

पण ते खरोखर पाण्याबाहेर आलं का, हे लाव्हा सांगू शकत नाही. ते वाळू सांगते. सिंहभूम ग्रॅनाइटच्या कडेकडेने आणि त्याच्या पाठीवर जुने वाळूखडक पडलेले आहेत, आता कठीण होऊन क्वार्टझाइट झालेले. त्यांच्या पृष्ठावर लाटांच्या वळ्या आहेत. तिरके थर आहेत, नदीच्या प्रवाहात वाळू सरकताना पडतात तसे. भरती-ओहोटीच्या खुणा आहेत. बागबाजारच्या घाटावर ओहोटी लागली की ओल्या गाळावर ज्या बारीक वळ्या उमटतात, त्याच आकाराच्या वळ्या मी सिंहभूमच्या खडकावर हात फिरवून पाहिलेल्या आहेत. मध्ये तीनशे कोटी वर्षं गेलेली आहेत.

नदी असेल तर जमीन हवी. किनारा असेल तरी जमीन हवी. २०२१ मध्ये प्रियदर्शी चौधुरी, जेकब मल्डर, पीटर कावूड, शुभम मुखर्जी आणि इतरांनी हे दोन्ही पुरावे एकत्र मांडले. त्यांनी वाळूखडकातल्या झिरकॉनची वयं काढली आणि त्यावरून वाळू केव्हा साचली ते ठरवलं. दुसरीकडे, खालच्या ग्रॅनाइटच्या रासायनिक घडणीवरून तो किती खोलीवर, किती तापमानाला तयार झाला असेल त्याचा हिशेब केला. निष्कर्ष असा निघाला की ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी सिंहभूमचं कवच सुमारे ५० किलोमीटर जाड झालं होतं आणि सगळा भूखंड समुद्राबाहेर आला होता. तोपर्यंत बहुतेकांचा समज होता की खंडं सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी वर आली. तो समज सत्तर कोटी वर्षांनी मागे सरकला. जगाच्या इतिहासातल्या अगदी पहिल्या किनाऱ्यांपैकी एक हावड्याहून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे.

या कामाआधी, २०१४ मध्ये, जयदीप मुखोपाध्याय, क्वेंटिन क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंदुझरच्या एका जुन्या मातीचा अभ्यास ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात मांडला होता. ग्रॅनाइट उघड्यावर पडला, पावसाने झिजला, त्याची माती झाली, आणि ती वरच्या वाळूखडकाखाली गाडली गेली. वय किमान ३०२ कोटी वर्षं. मातीत काय टिकलं आणि काय धुऊन गेलं त्यावरून त्यांनी म्हटलं की तेव्हाच्या हवेत थोडा का होईना प्राणवायू असावा. हवेत प्राणवायू खऱ्या अर्थाने वाढला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, हे सर्वमान्य आहे. त्याच्या इतक्या आधी त्याची चाहूल लागते का, याबद्दल वाद आहे. मला त्या मातीचं महत्त्व आणखी एका कारणाने वाटतं. जमीन पाण्याबाहेर आली आणि तिच्यावर पाऊस पडला, हे सांगायला मातीइतका थेट साक्षीदार दुसरा नाही.

हे सगळं घडवलं कोणी, यावर मोठा मतभेद आहे. आज खंडं वाढतात ती प्रामुख्याने भूपट्ट एकमेकांखाली जाण्याने. हिमालय, अँडीज ही त्याची उदाहरणं. तीनशे कोटींहून जुन्या काळात हे यंत्र चालू होतं का? काही संशोधक सिंहभूममध्येही त्याच्या खुणा दाखवतात. २०२१चा अभ्यास म्हणतो की गरज नव्हती. खालून येणाऱ्या रसाने एकाच जागी थरावर थर चढून पठार तयार झालं आणि तेच जाड होत वर आलं. मला दुसरं म्हणणं पटतं. सिंहभूमच्या नकाशावर मध्ये ग्रॅनाइटचं भलंमोठं क्षेत्र आणि कडेने लाव्हाचे पट्टे असं चित्र दिसतं. दोन खंडांच्या टकरीत जे लांबच लांब, एकाच दिशेने पिळलेले पट्टे अपेक्षित असतात ते या सर्वांत जुन्या भागात तितकेसे दिसत नाहीत. पुढच्या पिढीच्या हातात अधिक बारीक मोजणारी यंत्रं आहेत. निकाल त्यांनीच द्यावा.

कोलकात्याचा या दगडांशी संबंध जुना आहे. जीएसआयची स्थापना थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली १८५१ मध्ये याच शहरात झाली आणि मुख्यालय आजही इथेच आहे. त्या विभागात काम केलेले प्रमथनाथ बोस निवृत्तीनंतर मयूरभंज संस्थानात गेले, गोरुमहिसाणीचं लोहखनिज त्यांनी शोधलं, आणि फेब्रुवारी १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना पत्र लिहून कळवलं. त्यातून साकचीचा कारखाना, म्हणजे आजचं जमशेदपूर उभं राहिलं. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजचे अजितकुमार साहा यांनी या भूखंडाचा जन्मभर अभ्यास केला. त्यांचा १९९४चा ग्रंथ आमच्या कपाटात सर्वांत जास्त हाताळला जायचा. १९४३ मध्ये खुल्या झालेल्या हावडा पुलाचं बहुतेक पोलाद टाटांचं आहे, आणि टाटांचं लोह याच डोंगरांतून यायचं. त्या लोहाचे लाल-काळे पट्टे समुद्रात विरघळलेलं लोह तळाला बसून झालेले आहेत. तेही गाळाचेच खडक.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे दूरचं समजू नये. गडचिरोलीतलं सुरजागडचं लोहखनिज बस्तरच्या अशाच जुन्या गाभ्यावर आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावच्या नावाने ओळखला जाणारा नाइस दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी जुना आहे. दख्खनचा लाव्हा अवघा ६.६ कोटी वर्षांचा. कोयनेजवळ भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल भोकं पाडली तेव्हा एका ठिकाणी सुमारे ९३० मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइट-नाइसच लागला. सह्याद्री त्याच्यावर बसलेला आहे.

सिंहभूमच्या बाबतीत मला एकाच गोष्टीची खरी चिंता आहे. हे दगड ज्या डोंगरांत आहेत तिथेच लोह, मँगनीज, क्रोमाइट आहे, आणि केंदुझरची ती जुनी माती ज्या थरात आहे तिथं पायरोफिलाइटचं खोदकाम होतं. खनिज हवंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मीही त्याच पोलादाच्या पुलावरून जाते. पण नोमिराचे गोळे किंवा वळ्या उमटलेला एखादा वाळूखडक एकदा खडी होऊन गेला की तो परत मिळत नाही, आणि त्याच्यासारखा दुसरा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. स्मारकाचा फलक पुरेसा पडत नाही. केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. अशा कायद्याचा पाठपुरावा भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी करायला हवा, आणि त्याच्या जोडीला त्या गावांतल्या ग्रामसभांना हे सांगायला हवं की त्यांच्या शिवारात काय आहे. सांगितलं तर लोक जपतात, हा माझा अनुभव आहे.

कोलकात्याला आलात तर चौरंगीवरच्या इंडियन म्युझियममधलं खडकांचं दालन वेळ काढून पाहा. पुढे जमलं तर बारबिलची गाडी पकडा आणि नोमिरा, चंपुआ पाहून या. मुलांना बरोबर न्या. एक हातभिंग न्या, पाण्याची बाटली न्या, खडक ओला करून पाहिला की कण स्पष्ट दिसतात. हातोडा मात्र घरी ठेवा.